ऋणनिर्देश आणि अनुमती

रायपूरच्या वाङ्मयीन इतिहासात माधवराव सप्रे यांचे नाव आदराने घेतले जाते. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, आणि पुढे लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. कायद्याच्या दृष्टीने मूळ ग्रंथ ही एक कृती, तर अनुवाद ही दुसरी. आणि अनुवाद करू देण्याचा हक्क मूळ कृतीच्या स्वामीचा. टिळक १९२० मध्ये व सप्रे १९२६ मध्ये निवर्तले. हक्काची मुदत संपल्यामुळे आज या दोन्ही कृती सर्वांस मुक्त आहेत. अलीकडे प्रसिद्ध झालेल्या शोधलेखाची गोष्ट मात्र निराळी.

समजा, रायपूरचा एखादा अभ्यासक छत्तीसगढातील भाताच्या जातींवरील आपला प्रबंध पुस्तकरूपाने छापू इच्छितो. एका परदेशी त्रैमासिकातील नकाशा त्याला हवा आहे. खाली लेखकाचे नाव दिले म्हणजे झाले, असे त्याला वाटते. येथेच घोटाळा होतो. ऋणनिर्देश हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. अनुमती हा हक्काचा. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

१९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. तो कल्पनेला किंवा वस्तुस्थितीला नव्हे, तर त्यांच्या मांडणीला संरक्षण देतो. म्हणून लेखातील पिकांचे आकडे घेऊन, आधार नमूद करून, स्वतःची आकृती तयार करता येते. दुसऱ्याने रेखाटलेला नकाशा जसाच्या तसा उचलता येत नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर सामान्यतः साठ वर्षे हे संरक्षण टिकते.

मग अनुमती कोणाची घ्यावी? पुष्कळदा लेखकाने आपला हक्क लेखी करारान्वये प्रकाशकाकडे सोपविलेला असतो. तेव्हा लेखकाचा सद्भावपूर्ण होकारही पुरेसा ठरत नाही. लेखाच्या पहिल्या पानावरील हक्कसूचना प्रथम पाहावी. नकाशा त्या लेखकानेच अन्यत्रून घेतला असेल, तर मूळ धन्याचे दार ठोठावावे. पत्रात लेखाचे नाव, वर्ष, खंड, अंक, पृष्ठ आणि आकृतीचा क्रमांक द्यावा. पुस्तकाची भाषा, प्रतींची संख्या, छापील की इलेक्ट्रॉनिक आवृत्ती आणि करावयाचे बदल स्पष्ट सांगावेत. उत्तर न येणे म्हणजे संमती नव्हे. परवाना लेखीच हवा.

प्रत्येक वेळी पत्र लिहावेच लागते असे नाही. खाजगी अभ्यास, संशोधन, टीका व समीक्षा यांसाठी केलेला वाजवी वापर कायद्याने मोकळा ठेवला आहे. काही लेखांवर पुनर्वापराचा खुला परवानाही छापलेला असतो. त्याच्या अटी पाळल्या म्हणजे पुरे. अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींनाही सवलत आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या संचांवरून परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सवलतीचा व्यापक अर्थ लावला. परंतु वर्गातील विद्यार्थ्यांसाठी काढलेली प्रत आणि विक्रीला ठेवलेले पुस्तक यांना एकच माप लावता येणार नाही.

प्रकाशक कधी नकार देतो, कधी न पेलणारे शुल्क मागतो, कधी महिनोन्‌महिने मौन धरतो. तेवढ्यासाठी वर्षानुवर्षांच्या श्रमाचे पुस्तक छापखान्याच्या दाराशी अडून राहते. म्हणून हस्तलिखित पूर्ण होण्याची वाट न पाहता, उसनी सामग्री निवडतानाच पत्र धाडावे. उत्तर प्रतिकूल आले, तर स्वतःचा नकाशा काढण्यास निदान अवधी उरतो.