फोटोतले देव

दिवाळीची आवराआवर झाली, की इंदुरात पिंपळाच्या पारावर देवांच्या तसबिरी येऊन बसतात. काच तडकलेली लक्ष्मी, ओल लागलेले दत्त. घरात ठेववत नाहीत, कचऱ्यात टाकवत नाहीत. आमच्याकडची लक्ष्मीही यंदा तिकडेच निघाली होती, पण आजी अडून बसली. शेवटी नवी काच घालायची म्हणून चौकट उघडली, तर खाली बारीक इंग्रजी अक्षरं दिसली : रवि वर्मा प्रेस.

आपण सर्रास 'देवाचा फोटो' म्हणतो, पण यात कॅमेरा कुठेच नाही. हे दगडावरचं छापकाम. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, एवढंच त्यातलं गुपित. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. मग तेलकट शाई फक्त चित्रावर धरते, ओल्या जागी नाही. वर कागद दाबला, की झाला एक रंग. एकच हं! पुढच्या प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद दरवेळी नेमका त्याच जागी बसायला हवा. जरा सरकला, की लक्ष्मीचं कुंकू भुवईवर. शेवटी वार्निशचा हात दिला, की तैलचित्रासारखी चकाकी येते.

पुण्यात १८७८ साली निघालेल्या चित्रशाळेनं रामपंचायतन घरोघरी नेलं होतंच. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, त्यासाठी जर्मन यंत्रं आणि कारागीर आणले. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पण त्याच्या कितीतरी आधी, 'तुमचे दोन हात किती जणांना पुरणार? चित्रं युरोपात छापून घ्या' असा सल्ला त्यांना दिला होता सर टी. माधवरावांनी. हे तंजावरकडचे मराठी, आणि बडोद्याला जाण्याआधी आपल्या होळकरांचे दिवाण! इंदुरात राहून मला हे आत्ता कळलं.

या स्वस्त कागदानं मोठी गोष्ट केली. ज्यांना देवळाच्या पायरीवरच अडवत, त्यांच्याही भिंतीवर देव आला. मध्ये पुजारी लागला नाही. प्राणप्रतिष्ठाही नाही. मग छापील कागदाचा देव कधी होतो? मी आजीला विचारलं.

"रोज कुंकू लावलं ना मी," ती म्हणाली.

नवी काच बसली. आजीनं ती पदरानं पुसली आणि कुंकवाचं बोट टेकवलं. हात थरथरतो, त्यामुळे लागलं भुवईवर.