करवंदाचं कुंपण



आमच्या गटाची परसबाग शेळ्यांनी दोनदा फस्त केली. शेळ्या गटातल्याच एका ताईंच्या, मग भांडायचं कुणाशी? बचतीची बैठक मोडायची वेळ आली होती. काटेरी तारेचा भाव काढला, तर वर्षाची बचत त्यातच जात होती. तेव्हा एक आजी म्हणाल्या, "करवंदाच्या जाळीत कधी गुरं शिरतात का गं?"

करवंद मुरमाड जमिनीत येतं, एकदा जीव धरला की उन्हाळाही सोसतं. पण पहिल्या वर्षी आम्ही फसलो. घेवड्याचं बी ठेवतो तसं करवंदाचं बी सुकवून डब्यात ठेवलं आणि पुढच्या पावसाळ्यात पेरलं. एकही उगवलं नाही. या बियांचा जीव थोड्या दिवसांचा असतो. मे महिन्यात पिकलेली करवंदं खायची, बिया धुऊन राखेत चोळायच्या, एक-दोन दिवस सावलीत सुकवायच्या आणि लगेच पिशवीत लावायच्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्या चालतात, खाली भोकं मात्र पाडा. माती, वाळू, शेणखत सारखं घ्या. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात.

रोप वर्षभर पिशवीतच वाढू द्या. पुढच्या पावसाला फूटभर खोल चर खणून दोन-दोन फुटांवर लावा. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण त्याशिवाय बुंध्यातून फांद्या फुटत नाहीत आणि खालून कोंबड्या शिरतात. पुढची छाटणी फळं संपल्यावर, पावसाच्या तोंडाला. नंतर छाटलं तर त्या वर्षीची फुलं जातात.

बियांपासून आलेलं झाड आईसारखंच गोड निघेल असं नाही. म्हणून डोंगरावरच्या गोड, मोठ्या फळाच्या जाळीला आत्ताच चिंधी बांधून ठेवा. पावसाळ्यात तिच्या फांदीची बोटभर साल गोल काढून ओलं शेवाळ लावायचं, वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. मुळं दिसली की फांदी कापून लावायची. यालाच गुटी म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जातही आहे.

फळं साधारण तिसऱ्या वर्षी धरतात. कच्च्याचं लोणचं, पिकल्याचं सरबत. जेली करायची तर थोडी कच्ची फळं घाला, त्यांनीच ती घट्ट होते. तोडताना जुनी साडी नेसा, चिकाचे डाग निघत नाहीत.

आमचं कुंपण आता कमरेएवढं आहे. शेळीवाल्या ताईच छाटणीला पहिल्या येतात, पण कोयता मात्र आमचाच वापरतात!