गाडी येईस्तोवर काय करायचं?

आश्रमशाळेच्या सभागृहात मी सापांवर चाळीस मिनिटं बोललो. सापांची कुळं, विषारी-बिनविषारीतला फरक, विषाचे प्रकार, सगळं वहीत नीट लिहून नेलं होतं. मुलं शांत बसली, टाळ्याही वाजल्या. सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली, तेव्हा मागच्या दाराशी उभ्या असलेल्या स्वयंपाकाच्या मावशी पुढे आल्या. म्हणाल्या, "सर, समदं ऐकलं. पण रातच्याला एखाद्या पोराला साप चावला, तर गाडी येईस्तोवर आम्ही काय करायचं?"

त्याचं उत्तर माझ्या वहीत होतं, पण शेवटच्या पानावर. वेळ संपला म्हणून ते पान उघडलंच गेलं नव्हतं. त्या इमारतीत दोनशे मुलं जमिनीवर अंथरूण टाकून झोपत होती.

माहिती देणाऱ्या भाषणाची तयारी कशी करावी, असं मला पुष्कळ जण विचारतात. त्यांत शिक्षक असतात, परिचारिका असतात, वीज मंडळातले अभियंते असतात, बचतगटाला हिशेब शिकवणाऱ्या ताई असतात. आपला विषय त्यांना चांगला माहीत असतो आणि नेमकी तिथूनच अडचण सुरू होते. आपल्याला शाळेपासून सवय लागते ती वक्तृत्व स्पर्धेची. तिथे पाठ केलेलं भाषण, चढता आवाज आणि शेवटी टाळीचं वाक्य लागतं. कारण तिथला खरा श्रोता परीक्षक असतो आणि त्याला विषय आधीच ठाऊक असतो. माहितीच्या भाषणाचा श्रोता म्हणजे दाराशी उभी असलेली ती मावशी. तिला गुण द्यायचे नसतात. तिला काहीतरी अडलेलं असतं.

भाषण ऐकायला आपला समाज कधी कंटाळलेला नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही उन्हाळ्यात भरते आणि तालुक्याच्या गावीही वर्षाकाठी एखादी व्याख्यानमाला होतेच. ऐकणारे आहेत. त्यांच्यासाठी तयारी करून येणारे कमी आहेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

ती तयारी पुस्तकापासून सुरू होत नाही, फोनपासून होते. बोलावणाऱ्याला मी आता चार गोष्टी विचारतो. समोर कोण बसणार, ते रात्री कुठे झोपतात, सर्पदंशावरची लस मिळेल असं सर्वात जवळचं सरकारी रुग्णालय किती अंतरावर आहे, आणि गावात साप चावला की आधी कुणाकडे नेतात. एवढ्या उत्तरांवर निम्मं भाषण ठरतं. रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत बोलायचं तर फुरशाला वेळ द्यावाच लागतो. शेतावरच्या वस्तीत जमिनीवर झोपणारे असतील तर मण्यारीला.

मग कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहायचं. आज रात्री जेवताना हा माणूस घरच्यांना काय सांगेल, ते वाक्य. माझं वाक्य असं आहे: साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका; चावलेला हात किंवा पाय हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठा. आपण बोलणार ती प्रत्येक गोष्ट या वाक्याशेजारी ठेवून पाहायची. तिचा या वाक्याला उपयोग नसेल तर ती जाते. माझी सापांची कुळं गेली, विषातल्या प्रथिनांची नावं गेली, मला अतिशय आवडणारी सापाच्या जिभेची माहितीसुद्धा गेली. असं काढून टाकताना जीव तुटतो, हे मी जाणतो. पण अर्ध्या तासात माणूस तीन-चार गोष्टींहून जास्त घरी नेत नाही. आपण बारा सांगितल्या, तर त्यांतल्या कोणत्या तीन उरतील ते आपल्या हातात राहत नाही. काढलेला मजकूर वाया जात नाही. प्रश्नोत्तरांत तो कामाला येतो.

आता क्रम. आपल्याकडे नारदीय कीर्तनाची घडी शतकानुशतकं वापरून मऊ झालेली आहे. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन तत्त्वाचं निरूपण, मध्ये नामघोष, बुवांना हार आणि बुक्का, मग उत्तररंगात आख्यान. ज्याला तासाभराचं भाषण रचायचं आहे त्याने कीर्तनाला जाऊन बसावं. लक्ष कुठे सुटतं आणि बुवा ते कसं परत आणतात, हे तिथे डोळ्यांना दिसतं. माझ्या कामासाठी मात्र मी ही घडी उलटी करतो. कीर्तनाला माणूस श्रद्धेने येऊन बसलेला असतो, माझ्या सभेला कुणीतरी बसवलेला असतो. म्हणून माझ्याकडे आख्यान आधी.

हे आख्यान डॉक्टरांकडून पुन्हा पुन्हा ऐकलेलं आहे. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. घरचे अपचन समजून सोडा देतात. अंगावर खूण दिसत नाही, कारण मण्यारीचा दंश बारीक असतो आणि फारसा दुखतही नाही. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होतात, डोळे उघडे राहत नाहीत, बोलणं अडखळतं, मग श्वास. इथे मी थांबतो. सभेत कुणीतरी कुणाकडे तरी बघतं. आता निरूपण ऐकायला सगळे तयार असतात: मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची, जमेल तर खाटेवर झोपायचं, रात्री बाहेर पडताना विजेरी घ्यायची.

आकडा एकच सांगावा, आणि तो श्रोत्याच्या मापात आणून. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं मरतात. 58 हजार म्हणजे किती, हे माझ्याही डोळ्यांपुढे येत नाही. मी भागाकार करून नेतो: दिवसाला सुमारे 160, म्हणजे नऊ मिनिटांना एक. मग सांगतो, आपण इथे अर्धा तास बसणार आहोत, तेवढ्यात देशात तीन जण जातील. आकडा तोच आहे, पण आता तो सभागृहात येऊन बसलेला असतो.

शब्दांचंही तसंच. 'विषबाधेमुळे रक्तातील गोठण्याची प्रक्रिया बाधित होते' हे कानावरून जातं. 'घोणस चावली की रक्त गोठत नाही, हिरड्यांतून येऊ लागतं' हे राहतं. वाचताना मागे जाऊन ओळ पुन्हा पाहता येते, ऐकताना ती सोय नाही. म्हणून बोलण्यातलं वाक्य एका श्वासात मावलं पाहिजे आणि महत्त्वाची गोष्ट दोनदा यायला हवी, दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत.

दाखवता येईल ते बोलू नये. याचा मोठा धडा मायकेल फॅरडेकडून घ्यावा. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने मुलांना रसायनशास्त्र सांगितलं ते एका मेणबत्तीवरून, आधी 1848 मध्ये आणि पुन्हा 1860-61च्या नाताळात, सहा व्याख्यानांत. मेणबत्ती विझवायची आणि वर जाणाऱ्या धुराला काडी दाखवायची. ज्योत हवेतून खाली धावते आणि वात पुन्हा पेटते. जळतं ते मेणाची वाफ होऊन, हे पाहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. हा एवढा मोठा शास्त्रज्ञ भाषण शिकण्यासाठी शिक्षकाकडे गेला होता आणि आपण घाईने बोलतो हे ओळखून समोर 'सावकाश' असं लिहिलेलं कार्ड ठेवून घेत असे.

माझी मेणबत्ती म्हणजे एक ओढणी आणि फूटभर पट्टी. एका मुलाला पुढे बोलवायचं, त्याचा हात चावलेला आहे असं धरायचं, अंगठी-कडं काढायचं, कारण सूज येते. पट्टी हाताला लावून ओढणीने सैल गुंडाळायची, मोडलेल्या हाडाला आधार देतात तशी. बोट आत सरकलं पाहिजे, इतकी सैल. मग दुसऱ्या मुलाकडून तेच करून घ्यायचं. दोन मिनिटं जातात, पण ती सभा त्या हातांनी शिकते.

सगळ्यात अवघड जागा येते ती श्रोत्याच्या समजुतीची. गावात भगत असतो आणि त्याने उतरवलेलं विष लोकांनी स्वतः पाहिलेलं असतं. भगताला नावं ठेवली की सभा तिथेच तुटते, हे मी दोनदा अनुभवलं. त्या माणसांनी जे पाहिलं ते खोटं नाही. बहुतेक साप बिनविषारीच असतात आणि विषारी सापही कधी कधी चावताना विष सोडत नाही. असे रुग्ण कुठेही नेले तरी वाचतात, भगताकडे नेले तरी. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी एकाने विष सोडलं असेल, तर या चौघांवर चालणारी, घोड्याच्या रक्तापासून बनवलेली लस हाच उपाय आहे आणि ती रुग्णालयात आहे. दोन्हींतला फरक आपल्याला अंगणात कळत नाही, म्हणून वाट बघायची नाही. हे असं उलगडून सांगितलं की म्हातारी माणसं मान हलवतात. माहिती देणाऱ्याने श्रोत्याच्या अनुभवाचा मान राखून त्याचं कारण सांगावं, एवढाच इथला नियम.

तालीम मोठ्याने करावी, उभं राहून, घड्याळ लावून. मनात वाचलेलं भाषण नेहमी लहान वाटतं. घरातल्या एका माणसाला ऐकवावं आणि संपल्यावर 'कसं झालं?' असं न विचारता 'काय कळलं?' असं विचारावं. जे त्याला सांगता आलं नाही, ते दुरुस्त करावं. पाठांतर करू नये. एक शब्द हरवला की पूर्ण इमारत कोसळते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द पुरतात. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य मात्र तोंडपाठ हवं, कारण घसा कोरडा पडतो तो तिथे.

प्रत्यक्ष दिवशी अर्धा तास आधी पोचावं. मागच्या रांगेत जाऊन बसावं, पंखा केवढा वाजतो ते ऐकावं. पडद्यावरची चित्रं वीज गेली की जातात, तेव्हा त्यांच्याविना बोलता येईल अशीच तयारी हवी. आभाराची लांबण सुरुवातीला लावू नये. बोलताना नजर मागच्या दाराकडे जाऊ द्यावी. मी अजून तिथे मावशी उभ्या आहेत असं धरून बोलतो.

आणि प्रश्नांसाठी एक तृतीयांश वेळ राखावा. तो उपकार म्हणून द्यायचा नाही, तो भाषणाचाच भाग आहे. गाडगे महाराज कीर्तनभर लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत, मग उत्तर आणि सही दोन्ही जाई. सभेत हात वर होत नसतील तर चिठ्ठ्या फिरवाव्यात. बायका आणि लहान मुलं चिठ्ठीत मोकळेपणाने लिहितात. उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, विचारून कळवतो' असं म्हणावं, आणि खरंच कळवावं.

तुमच्यापैकी अनेकांना एखादी गोष्ट इतरांपेक्षा बरी कळते: औषधाची मात्रा, पीकविम्याचा अर्ज, गॅसची नळी, मुलांचं लसीकरण. शाळेने, ग्रामपंचायतीने, सोसायटीने बोलावलं तर 'मला भाषण जमत नाही' म्हणून नकार देऊ नका. होकार द्या, आणि फोन ठेवण्याआधी विचारून घ्या: समोर कोण बसणार आहे, आणि त्यांचं काय अडलंय?