सालीपासून सलाइनपर्यंत

ज्या घरात कर्करोगाचे उपचार होऊन गेले आहेत, तिथे ‘टॅक्सॉल’ हा शब्द बहुधा ओळखीचा असतो. डॉक्टरांच्या कागदावर तो ‘पॅक्लिटॅक्सेल’ असा येतो. स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगात हे औषध सलाइनमधून हळूहळू शरीरात सोडतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ‘इरिनोटेकॅन’ नावाचं दुसरं औषध वापरलं जातं. या दोन्हींचं मूळ दोन वेगवेगळ्या झाडांत आहे, आणि दोन्हींचे मूळ रेणू एकाच प्रयोगशाळेत हाती लागले. ते वेगळे काढणाऱ्या दोघा प्रमुख रसायनशास्त्रज्ञांपैकी एक जण नंदुरबारचा होता.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५चा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचं शिक्षण, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. आणि १९६२पासून नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी. तिथे त्यांचे वरिष्ठ होते मन्रो वॉल. महाराष्ट्रात वाणी यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनाही ते अनेकदा ठाऊक नसतं, याची खंत वाटते.

या दोघांचं काम आज मुद्दाम आठवायचं, कारण ‘अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट’ असा मथळा वर्षातून अनेकदा आपल्या वाचनात येतो. मथळा बहुतेक वेळा खोटा नसतो. पण त्यातून जेवढं वाटतं, तेवढं सिद्ध झालेलं नसतं.

अर्क म्हणजे काय, ते आधी पाहू. साल किंवा पानं सावलीत वाळवतात, दळतात, अल्कोहोलसारख्या द्रावकात भिजवून ठेवतात, गाळतात आणि द्रावक उडवून टाकतात. तळाशी काळपट, चिकट लगदा उरतो. त्यात हरितद्रव्य, मेण, साखरा, राळ, टॅनिन आणि शेकडो इतर रसायनं एकत्र असतात. हा लगदा काचेच्या थाळीतल्या पेशींवर टाकला आणि पेशी मेल्या, तर त्या कशाने मेल्या? टॅनिन तर जवळजवळ कोणत्याही प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे चाचणीत ते हमखास ‘गुणकारी’ दिसतं. उरलेलं अल्कोहोलही पेशी मारतं. म्हणून शेजारच्या थाळीत नुसतं द्रावक टाकून तुलना करावीच लागते. निरोगी पेशीही तितक्याच मेल्या का, हे तपासावं लागतं. आणि थाळीत वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात गाठायची तर किती किलो पाला खावा लागेल, हा प्रश्न बातमीत कधीच येत नाही.

वॉल यांची सुरुवात कर्करोगापासून झालीच नव्हती. १९५०च्या दशकात ते फिलाडेल्फियाजवळ अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत होते. संधिवातावर कॉर्टिझोन नुकतंच आलं होतं आणि ते बनवायला लागणारी स्टेरॉइडं कोणत्या वनस्पतीत मिळतात, याचा शोध चालला होता. त्यासाठी केलेल्या अर्कांचा मोठा साठा तयार झाला. राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या जोनाथन हार्टवेल यांनी त्यातले सुमारे हजार अर्क मागून घेतले आणि कर्करोग झालेल्या उंदरांवर तपासले. एका अर्काने लक्ष वेधून घेतलं. तो होता ‘कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा’ या चिनी झाडाचा, आणि नमुना आला होता कॅलिफोर्नियात लावलेल्या झाडांवरून. पारंपरिक औषधाचा धागा धरून कुणी त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. एका कामासाठी केलेला अर्क दुसऱ्याच कामाला आला.

१९६०मध्ये वॉल नॉर्थ कॅरोलिनाला आले, पाठोपाठ वाणी आले आणि खरं कष्टाचं काम सुरू झालं. पद्धत सांगायला सोपी आहे: अर्काचे दोन-चार भाग करायचे, प्रत्येक भाग उंदरांवर तपासायचा, ज्यात गुण दिसेल तो ठेवायचा, बाकीचे टाकून द्यायचे. ठेवलेल्या भागाचे पुन्हा भाग, पुन्हा उंदीर. रसायनशास्त्रज्ञाने पुढचं पाऊल कुठे टाकायचं, हे उंदीर ठरवणार. आजचे विद्यार्थी ही पद्धत पुस्तकात एका परिच्छेदात वाचतात; पण उंदरांवरच्या एकेका चाचणीचं उत्तर यायला लागणारा वेळ मोजला, तर तो परिच्छेद काही वर्षांचा होतो. १९६६मध्ये शुद्ध पदार्थ मिळाला, त्याची रचना समजली आणि त्याला कॅम्प्टोथेसिन हे नाव मिळालं.

पण हा रेणू पाण्यात विरघळेना. जे विरघळत नाही ते शिरेतून देणार कसं? यावर तोडगा म्हणून रेणूतलं एक वर्तुळ रासायनिक क्रियेने उघडलं आणि विरघळणारं सोडियम मीठ बनवलं. १९७०च्या सुमारास रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. वर्तुळ उघडल्यावर औषधाचा गुण जवळजवळ जातो, हे तेव्हा लक्षात आलेलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे हे मीठ लघवीतून बाहेर पडताना तिथल्या आम्लात वर्तुळ पुन्हा मिटायचं, औषध मूळच्या जहाल रूपात परत यायचं आणि मूत्राशयाला जखमा करायचं. रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. १९७२मध्ये चाचण्या थांबल्या.

त्याच १९७२मध्ये मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी सह्याद्रीतल्या एका झाडात हाच रेणू सापडल्याचं प्रसिद्ध केलं. झाड म्हणजे आपली नरक्या. फुलांना दुर्गंध, म्हणून हे नाव; काही भागांत तिला अमृताही म्हणतात. चिनी झाडाशी तिचं जवळचं नातं नाही, तरी कॅम्प्टोथेसिनचं प्रमाण तिच्यात कितीतरी जास्त निघालं. पण ज्या रेणूच्या चाचण्या बंद पडल्या, तो कुठे भरपूर मिळतो याचं कौतुक त्या वेळी कोण करणार?

दिवस पालटले ते १९८५मध्ये. हा रेणू पेशीत नेमकं काय करतो, ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लेरॉय लिऊ यांच्या गटाने दाखवलं. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना त्याचे पदर उलगडावे लागतात. दोरखंडाचे पदर एका टोकाने सोडवत गेलं की पुढे पीळ घट्ट होत जातो, तसंच इथे होतं. हा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-१ नावाचं विकर असतं. ते एक पदर कापतं, पीळ सुटू देतं आणि पदर पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी जाऊन बसतं आणि जोडणी होऊ देत नाही. मागून नक्कल करणारी यंत्रणा येते, त्या तुटलेल्या जागी आपटते आणि डीएनए पुरता तुटतो. सतत दुभंगणाऱ्या पेशींना याचा फटका जास्त बसतो.

लक्ष्य कळल्यावर रेणूत कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हेही कळलं. वर्तुळ मिटलेलंच राहिलं पाहिजे. विरघळण्यासाठी बदल दुसऱ्या टोकाला करायचा. असे दोन बदललेले रेणू, टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन, अमेरिकेत १९९६मध्ये औषध म्हणून मंजूर झाले. रेणू सापडल्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती.

स्वतः झाड या विषाने का मरत नाही, हे कोडं त्यानंतरही उरलं होतं. त्याच्या पेशींतही तेच विकर असतं. जपानमधल्या संशोधकांनी २००८मध्ये याचं उत्तर दिलं: कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींच्या विकरात एका ठरावीक जागचं अमिनो आम्ल बदललेलं असतं, त्यामुळे विष तिथे बसतच नाही. गंमत पुढे आहे. कॅम्प्टोथेसिनला दाद न देणाऱ्या माणसाच्या ल्युकेमिया पेशींमध्येही त्याच जागी अगदी तोच बदल सापडला होता. झाडाने स्वतःला वाचवायला शोधलेली वाट कर्करोगालाही सापडते. मला या सगळ्या कथेत सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट हीच वाटते.

टॅक्सॉलची कथा याच्या शेजारीच घडत होती. ऑगस्ट १९६२मध्ये कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. लाकूडतोड्यांच्या लेखी ते निकामी झाड होतं. अर्काने थाळीतल्या पेशी मारल्या, म्हणून १९६४मध्ये नमुना वॉल-वाणींकडे आला. पुन्हा तेच भाग पाडणं, तपासणं, टाकून देणं. शेवटी १२ किलो सालीतून अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ मिळाला. रचना इतकी गुंतागुंतीची होती की ती उलगडायला ड्यूक विद्यापीठातल्या अँड्र्यू मॅकफेल यांच्या क्ष-किरण तंत्राची मदत घ्यावी लागली. १९७१मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि नंतर कित्येक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

इथेही गाडी पुढे सरकली ती कार्यपद्धती कळल्यावर. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेण्यासाठी प्रथिनांच्या सूक्ष्म नळ्या उभ्या राहतात आणि काम संपलं की मोडल्या जातात. या नळ्या बनूच न देणारी औषधं माहीत होती. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन त्यांतलीच. न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९मध्ये दाखवलं की टॅक्सॉल उलट काम करतं: नळ्या बनू देतं, पण मोडू देत नाही. पेशी अर्ध्या वाटेवर अडकून मरते. असं वागणारं औषध तोवर कुणी पाहिलं नव्हतं. डिसेंबर १९९२मध्ये त्याला मान्यता मिळाली. पाण्यात तेही विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात मिसळून देत आले आहेत. त्या द्रावकाची रुग्णाला तीव्र ॲलर्जी होऊ शकते. सलाइन लावण्याआधी स्टेरॉइड देतात, त्याचं एक मोठं कारण हे द्रावक.

आता झाडांचा हिशोब. १२ किलोला अर्धा ग्रॅम म्हणजे एका किलोसाठी २४ टन साल. काढण्याची पद्धत पुढे सुधारली, पण साल काढली की झाड मरतंच, आणि यू वाढतो अतिशय सावकाश. सुटका केली ती फ्रान्समध्ये पिएर पोतिये यांनी. युरोपीय यूच्या पानांत टॅक्सॉलचा अर्धामुर्धा सांगाडा भरपूर मिळतो, आणि पानं पुन्हा फुटतात. उरलेला भाग प्रयोगशाळेत जोडायचा. अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी ही जोडणी कारखान्याला परवडेल अशी केली. पुढे वनस्पतीच्या पेशी टाक्यांत वाढवूनही टॅक्सॉल बनवता येऊ लागलं.

नरक्याच्या वाट्याला अशी सुटका अजून आलेली नाही. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गाच्या जंगलांतून तिची चोरटी तोड होत आली आहे, आणि रेणूचं प्रमाण मुळांत व खोडात पानांपेक्षा जास्त असल्याने तोडणारा झाड मुळासकट नेतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तिच्या पेशी वाढवण्याचे आणि कमी कच्च्या मालातून जास्त रेणू काढण्याचे प्रयोग झाले. जम्मूच्या संशोधकांनी २००५मध्ये तिच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी केली, जी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते. मोठ्या आशेची गोष्ट होती. पण अशा बुरशा प्रयोगशाळेत वाढवत गेलं की काही पिढ्यांनी त्यांचं उत्पादन घसरतं, असा अनुभव आला आहे. ज्या डोंगरात जगाला उपयोगी पडलेल्या रेणूचा एवढा समृद्ध साठा आहे, तिथे नरक्याची नियोजनबद्ध लागवड मोठ्या प्रमाणावर उभी राहू नये, हे वन खातं, विद्यापीठं आणि औषध उद्योग या तिघांचंही अपयश आहे.

वाणी अखेरपर्यंत नॉर्थ कॅरोलिनातच राहिले. वॉल यांच्याबरोबर त्यांना २०००मध्ये कर्करोग संशोधनाचं केटरिंग पारितोषिक मिळालं. ११ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या ९५व्या वर्षी ते वारले. जग तेव्हा कोविडच्या धास्तीत होतं.

आता थोडं घरातल्या औषधोपचाराबद्दल. सदाफुलीची पानं मधुमेहावर चावून खाणारे लोक आपल्याकडे आजही आहेत. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल यांनी नेमकी हीच समजूत तपासायला घेतली होती. त्यांच्या उंदरांची साखर पोटातून दिलेल्या अर्काने उतरली नाही. अर्क टोचल्यावर मात्र त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. कर्करोगाचं औषध त्यातूनच पुढे निघालं, पण ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून. वनस्पती औषधी आहे याचा अर्थ ती निरुपद्रवी आहे असा होत नाही, आणि दोन औषधं शरीरात एकत्र आली की ती एकमेकांच्या कामात ढवळाढवळही करतात. युरोपात उदासीवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या गोळ्या इरिनोटेकॅनबरोबर दिल्या, तेव्हा रुग्णांच्या रक्तातलं औषधाचं कार्यक्षम रूप सरासरी ४२ टक्क्यांनी कमी झालं. तेव्हा घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल आणि सोबत काढा, रस किंवा चूर्ण चालू असेल, तर ते काय आहे, किती आणि कधीपासून घेतलं जातंय, हे पुढच्या सलाइनच्या आधी डॉक्टरांना सांगा.