वाटेची काठी

दसरा उलटला, पाऊस मागे हटला की माण, खटाव, फलटण, खंडाळ्याकडचे मेंढपाळ धनगर कोकणाची वाट धरतात. दिवाळीच्या सुमारास त्यांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाड-कळपांचे तांडे, वरंधा, आंबेनळी नाहीतर कुंभार्लीच्या घाटातून उतरत असतात. याच सुमारास कार्तिकीसाठी दिंड्या पंढरीला पोचतात. जुनागढला गिरनारची परिक्रमा सुरू होते. कार्तिकी पौर्णिमेला जैनांचा चातुर्मास संपतो आणि त्यांचे साधू-साध्वी पुन्हा अनवाणी विहाराला निघतात; त्यांतल्या मूर्तिपूजक श्वेतांबरांच्या हातात उंच दांडा असतो. कार्तिक हा आपल्याकडे चालणाऱ्यांचा महिना आहे, आणि म्हणूनच तो काठ्यांचाही महिना आहे.

मला काठ्यांचा नाद फार जुना. जत्रेत, घाटात, संग्रहालयात कुठेही गेलो तरी नजर आधी काठीकडे जाते. इतकी वर्षे काठ्या पाहून माझे एक मत पक्के झाले आहे: काठी मुळात म्हातारपणाची नाही, ती वाटेची आहे. आपण चालणे सोडले तेव्हा ती वाटेवरून घरात आली आणि पलंगाशेजारी उभी राहिली. आज साठीच्या माणसाला काठी सुचवली तर तो दुखावतो. पंचविशीतला मेंढका मात्र काठीवाचून घराबाहेर पाऊल टाकत नाही.

जुन्या ग्रंथांतली काठी थोडक्यात सांगतो. मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड देतात तो आपण सर्वांनी पाहिलेला असतो. तोही वाटेचाच, कारण मुंज झालेला मुलगा गुरूघरी निघायचा. मनुस्मृतीत या दंडाचे नियम आहेत. ब्राह्मणाला बेल किंवा पळस, क्षत्रियाला वड किंवा खैर, वैश्याला पीलू किंवा उंबर. उंची अनुक्रमे केसांपर्यंत, कपाळापर्यंत आणि नाकापर्यंत. काठीच्या उंचीतही वर्ण मोजणारी ही बुद्धी मला अस्वस्थ करते. शूद्राच्या हाती तर हा दंड नाहीच. त्याच ठिकाणी आणखी एक अट आहे: दंड सरळ असावा, साल शाबूत असावी, आगीने डागलेला नसावा आणि पाहून कोणाला भीती वाटू नये. याशिवाय संन्याशांचे एकदंडी-त्रिदंडी पंथ होते, राजदंड होता; पुढे साहेबाची चांदीच्या मुठीची छडी आली, पोलिसाची लाठी आली. भीती वाटू नये ही अट तोवर कधीच मागे पडली होती.

मनुस्मृतीचे नाव निघाले की मला नागपूरचा एक प्रसंग आठवतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्यांच्या पुढाकाराने तिचे दहन झाले, ते बाबासाहेब आंबेडकर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, धम्मदीक्षेच्या मंचावर आले. पायांच्या दुखण्याने शरीर थकले होते. एका हातात काठी, दुसरा हात त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर. त्या काठीला कोणी दुबळेपणाची खूण म्हणेल का? लाखो माणसांना नव्या वाटेवर नेणाऱ्या माणसाची ती काठी होती.

आता माझ्या आवडीच्या काठीकडे येतो. धनगराची काठी.

ती पाहायची असेल तर वाड्याबरोबर थोडे तरी चालले पाहिजे. घोड्यांवर बिऱ्हाड लादलेले, बायाबापड्या पुढे, मागे मेंढरांचा लोट आणि कडेला काठीवाले मेंढके. नुसते चालताना काठी मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवी टाकलेली असते आणि हात तिच्यावरून सैल सोडलेले असतात. खांद्यांचा ताण गेल्यामुळे दिवसभराची चाल सोसते. कळप चरायला थांबला की तीच काठी बगलेत किंवा हनुवटीखाली येते आणि मेंढका एका पायावर भार देऊन तासन्‌तास उभा राहतो. मेंढरू वळवायला ती मारावी लागत नाही. ती आडवी धरली की कळपाची कड वळते, सोबत तोंडाने शीळ किंवा हाळी असते. ओढा लागला की काठीने पाण्याचा ठाव घ्यायचा. झुडूप आले की आधी काठी आपटायची, म्हणजे जनावर निघून जाते. पाऊस आला तर तिच्यावर घोंगडे ताणायचे. गाठोडे तिच्याच टोकाला अडकवायचे. उंच बाभळीच्या शेंगा पाडायला वेगळी आकडी असते, पण जवळची फांदी ओढायला काठीच पुरते. कोकणात भात काढून झालेल्या खाचरांत खतासाठी मेंढरे बसवतात आणि त्या बदल्यात धान्य मिळते. तिथे रात्री मेंढरांभोवतीच्या जाळीबाहेर, म्हणजे वाघराबाहेर, राखणीला बसणाऱ्याच्या मांडीवरही काठीच आडवी असते. एवढी कामे करणारे दुसरे अवजार मला ठाऊक नाही, आणि काठीला ना धार आहे ना सांधा. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांची दैवते अभ्यासली आणि त्यांच्या ओव्या जिवाच्या करारावर गोळा केल्या. या काठीवर तसे प्रेम करणारा कोणी अभ्यासक मिळावा, असे मला फार वाटते.

वरंध्याच्या वळणावर एका म्हाताऱ्या मेंढक्याने माझ्या हातातली बाजारची छडी घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. मग आपली काठी माझ्या शेजारी उभी धरून म्हणाला, “पाव्हणं, काठी कानाला लागली पायजे. बुटकी काठी माणसाला वाकवती.” हे वाक्य मी तेव्हापासून अनेक काठ्यांना लावून पाहिले आहे.

काठी कशाची? कोरड्या डोंगरउतारावर वाढणाऱ्या मानवेल बांबूची सर्वांत चांगली. जमीन जितकी कोरडी तितका तो भरीव होतो, आणि बुडाकडचा भाग तर जवळजवळ पोकळी नसलेला. सह्याद्रीच्या पावसाळी बाजूला चिवा मिळतो. तो सडपातळ पण चिवट असतो. कोवळा बांबू चालत नाही, तीनएक वर्षांचा जून हवा. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत, कारण तेव्हा त्यातला गोडवा कमी असतो आणि भुंगा लागत नाही. कोणी बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात, त्यामागचे कारणही तेच. मग सावलीत वाळवणे, वाक असेल तिथे मंद आचेवर शेकून दाबत सरळ करणे, पेरे घासणे आणि तेल पाजणे. तेल पाजायचे ते एकदाच नाही, वर्षानुवर्षे. हौशी माणूस खाली लोखंडी किंवा पितळी शेंबी बसवतो. शेंबीमुळे टोक फाटत नाही आणि खडकावर काठीचा आवाज येतो.

तो आवाजही कामाचा आहे. जुने डाकेचे हरकारे घुंगुरकाठी घेऊन रानातून धावत, ते जनावरांनी वाट सोडावी म्हणून. कोकणात गावाच्या राखणदार देवाचे वर्णन विचारा: अंगावर घोंगडे, पायात वहाणा, हातात काठी. आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. चालणारा राखणदार म्हटला की त्याच्या हातातही आपल्या लोकांनी काठीच दिली.

इथे वारीतल्या चोपदाराच्या काठीविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ती टेकायची काठी नाही, पण तिच्याइतकी वाट कोणत्या काठीने चालली असेल? माउलींची पालखी संध्याकाळी तळावर येते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. चोपदार चांदीचा चोप उंचावतो, ‘होऽऽ’ असा पुकारा करतो आणि सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे थांबले नाहीत, तर त्या दिंडीची काही तक्रार आहे असे समजायचे. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते आणि आरती होते. एवढ्या अफाट जनसमुदायाला एका काठीने, कुणालाही न शिवता, शांत करता येते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. लाठीमाराच्या बातम्या वाचताना मला हटकून तो चोप आठवतो. 

म्हाताऱ्या मेंढक्याचे माप मी गांधीजींच्या काठीलाही लावले. १२ मार्च १९३० रोजी ते साबरमतीहून दांडीला निघाले तेव्हा साठ वर्षांचे होते. बरोबर ७८ जण, अंतर ३८५ किलोमीटरांच्या आसपास. ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचलले. त्या यात्रेतली काठी त्यांना काका कालेलकरांकडून मिळाली आणि कालेलकरांकडे ती मंजेश्वरच्या कन्नड कवी गोविंद पै यांच्याकडून आली होती. कालेलकर साताऱ्यात जन्मलेले, मूळचे सावंतवाडीजवळच्या कालेलीचे, म्हणजे काठी आणि डोंगर दोन्ही ओळखणारे. काठीची लांबी ५४ इंच. साडेपाच फुटांच्या आतबाहेरच्या माणसाला ती खांद्याला लागते! टेकून चालणाऱ्या वृद्धाची नव्हे, लांब मजल मारणाऱ्याची काठी. नंदलाल बोस यांनी त्याच वर्षी केलेल्या काळ्या-पांढऱ्या लिनोकटमध्ये गांधीजी पुढे झुकून पाऊल टाकताहेत आणि उंच काठी त्यांच्याही आधी पुढे गेली आहे. जुहूच्या किनाऱ्यावरच्या १९३७ च्या छायाचित्रात छोटा नातू कनू काठीचे एक टोक धरून पुढे पळतो आहे आणि आजोबा दुसरे टोक धरून मागे. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात मी पुन्हापुन्हा जातो त्यातही काठीची ओढ आहेच.

अंधांची पांढरी काठीही याच घराण्यातली. पहिल्या महायुद्धानंतर ती युरोप-अमेरिकेत रुळली. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी ती लांब, छातीपर्यंत येणारी केली आणि डावी-उजवीकडे फिरवत चालण्याची रीत बसवली. तिच्यावर भार टाकायचा नसतो. पुढच्या पावलाची जमीन ती आधी पाहून घेते, मेंढक्याने ओढ्यात काठी टाकावी तशी. १५ ऑक्टोबरला पांढऱ्या काठीचा दिवस असतो. दिवाळीच्या खरेदीत पदपथ फेरीवाल्यांनी आणि गाड्यांनी भरतात, तेव्हा या काठीची वाट आपण अडवतो आहोत याची जाणीव ठेवली पाहिजे.

दुखऱ्या पायाची काठी वाईट असे मी कधीच म्हणणार नाही. ती नीट वापरली जात नाही, हे माझे दुःख आहे. तिचे माप कानाचे नाही, मनगटाचे. बूट घालून सरळ उभे राहा, हात सोडा. मनगटाची घडी येते तिथे मूठ यावी, म्हणजे कोपर किंचित वाकते. आणि उजवा गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. चालताना उजव्या पायावर शरीर तोलायला खुब्याच्या स्नायूंना जोर लावावा लागतो. डाव्या हातातली काठी त्यांचे ओझे कमी करते. बहुतेक लोक नेमकी दुखऱ्या बाजूला धरतात आणि अधिक वाकतात. खाली रबर झिजले असेल तर ते आजच बदलावे, ओल्या फरशीवर तेच घात करते.

गिरनारला मात्र कोणाला काठीची लाज वाटत नाही. भवनाथच्या तळेटीला बांबूच्या काठ्या भाड्याने मिळतात, आणि दत्तदर्शनाला निघालेली पुण्या-मुंबईची तरुण मंडळीही त्या निवडून घेतात. दत्तशिखराच्या वाटेवर दहा हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. कार्तिकी एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतची परिक्रमा तर ३६ किलोमीटरांची, जंगलातून. यंदा जाणार असाल तर काठी खांद्याला लागेल एवढी उंच घ्या, पेरे जवळजवळ असलेली आणि हातात जड वाटणारी. उतरताना ती आधी खालच्या पायरीवर रोवा, मग पाय टाका, आणि हात मुठीवर न ठेवता छातीच्या उंचीला धरा, म्हणजे पायरी उंच असली तरी पकड खाली-वर सरकवता येते.