ओळखपत्र असलेल्या बाया

1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातून, सोलापूरकडून जी कुटुंबं पुण्याच्या झोपडपट्ट्यांत आणून टाकली, त्यांत दलित, विशेषतः मातंग कुटुंबं पुष्कळ होती. पुरुषांना बिगारी, हमाली असं काहीबाही मिळत गेलं. बायकांना धुणीभांडी करता आली असती, पण मोरीच्या पुढे पाऊल टाकण्याआधी जात विचारली जायची. उकिरड्यावर ती कुणी विचारत नव्हतं. म्हणून बाई पहाटे पोतं घेऊन कचरा वेचायला बाहेर पडली.

या धंद्यातही उतरंड आहेच. भंगाराचं दुकान टाकायला जागा लागते, भांडवल लागतं; ते बहुतेक पुरुषांकडे. हातगाडी घेऊन दारोदार रद्दी विकत घेणाराही बहुधा पुरुषच. लोकांनी फुकट फेकलेलं वाकून उचलायचं, पुठ्ठा, काच, पत्रा, दूधपिशव्या निवडायच्या आणि भंगारवाला काट्यावर जे वजन सांगेल ते मान्य करायचं, हे बाईच्या वाट्याला. जातीने तिला कचऱ्यापाशी नेलं आणि बाईपणाने तिथेही सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलं. दोन्ही गोष्टी सुट्या करून पाहिल्या तर तिची मिळकत इतकी कमी का, हे कळणारच नाही.

1993 मध्ये या कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या कार्यकर्त्या वस्त्यांत काम करत होत्या, हमालांना संघटित करणारे बाबा आढाव पाठीशी होते. पहिली मागणी पैशाची नव्हतीच, ओळखपत्राची होती. पाठीवर पोतं असलेली बाई म्हणजे चोर, असं धरूनच पोलीस तिला हटकत. काही वर्षांत पुणे महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्राला मान्यता दिली. शहर आपल्याला कामगार म्हणतं, याचा तो पहिला कागद. गोपाळ गुरू यांनी 1995 मध्ये आणि शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये दलित स्त्रीचं वेगळं बोलणं अभ्यासाच्या चर्चेत आणलं. पुण्याच्या या बाया त्याच काळात महापालिकेच्या दारात ते बोलत होत्या. त्यांचं म्हणणं ना स्त्री चळवळीच्या व्यासपीठावर पुरेसं आलं होतं, ना दलित चळवळीच्या.

2008 पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. कचराकुंडीतून दारापर्यंत येणं ही मोठी मजल होती. दर महिन्याला घरागणिक ठरलेलं शुल्क मिळू लागलं, बादल्या आणि ढकलगाड्या आल्या.

पण बादलीत काय येतं? वापरलेले सॅनिटरी पॅड, बहुतेकदा उघडेच. सुका कचरा निवडताना हात घातला की रक्ताने भरतो. पाळीचा विटाळ मानणारं घर तो विटाळ कागदातसुद्धा न गुंडाळता दुसऱ्या बाईच्या हातात देतं, आणि तिच्या हातांना त्याची सवयच असेल असं गृहीत धरतं. हे गृहीत धरणं जातीतून येतं. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त बोचतं ते हेच, कारण इथे देणारीही बाईच आहे. वेचक बायांनी ते निमूट सोसलं नाही. असे पॅड त्यांनी पोत्यांत भरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवले. रद्दीच्या कागदाच्या पिशव्या स्वतः तयार करून विकल्या. पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडायच्या आधी कळेल, हे घरोघर सांगितलं. 2016 च्या घनकचरा नियमांनी पॅडसोबत विल्हेवाटीची पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली.

2020 च्या अखेरीस करार संपला आणि हे काम खासगी ठेकेदारांना देण्याची चर्चा सुरू झाली. मोटारगाड्या आल्या की चालक म्हणून पुरुष येतात आणि ढकलगाडीवाल्या बाईला भंगारावरचा हक्क सोडावा लागतो, हे या बायांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्या पुन्हा रस्त्यावर उतरल्या. त्यांची मागणी साधी होती: काम आमचं आहे, करार आमच्याशीच करा.