थोडं हसा न भाऊ!

१९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन पार पडला, तरी नागपूरच्या धरमपेठ-रामदासपेठेतल्या स्टुडिओंच्या सवलतींचे मेसेज काही थांबत नाहीत. घरात लग्न नाही, बारसं नाही, पण फोटो काढायचे. कारण लिंक्डइनवर, क्लिनिकच्या वेबसाइटवर, कोचिंग क्लासच्या फ्लेक्सवर आपला 'पर्सनल ब्रँड' झळकला पाहिजे. सीए, दंतवैद्य, आर्किटेक्ट, मिहानमधल्या कंपन्यांत नोकरी शोधणारी पोरं, सगळ्यांना हा फोटो हवा आहे. आणि तो 'रिलॅक्स, एकदम नॅचरल' हवा आहे. तिथंच सगळं अडतं.

रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सच्या झाडीत हे नाटक फुकट बघायला मिळतं. पन्नाशीचे एक वकील. ब्लेझर इतका कडक, की आत माणूस आहे की हँगर, कळू नये. हाताची घडी, पोट आत, श्वास बंद. ''सर, चिन थोडी खाली, खांदे लूज सोडा, आता थोडं हसा न भाऊ!'' फोटोग्राफर विनवतो. 'काहून हासू?' हा प्रश्न वकीलसाहेबांच्या कपाळावर स्पष्ट वाचता येतो. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजतो. ज्युनिअरनं तारखेचा काहीतरी घोळ घातलेला. साहेब दोन पावलं चालतात, खांदे आपोआप उतरतात, हात बोलू लागतात, डोळ्यांत चमक येते. हाच तो माणूस, ज्याच्याकडे अशील केस घेऊन येतं! आणि फोटोग्राफर? तो खाली मान घालून बॅटरी बदलत असतो.

या अवघडलेपणाचा दोष आपण उगाच स्वतःच्या चेहऱ्याला देतो. एकोणिसाव्या शतकात एक्सपोजरला इतका वेळ लागे, की स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या मानेमागं लोखंडी टेकू लावत. ताठ बसा, हलू नका, ही शिस्त तिथून आली आणि पासपोर्ट फोटोपर्यंत टिकली. त्यात आपलं मराठी वळण. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगताना आपली स्तुती आपणच करणाराही त्यात धरला आहे. ज्याला लहानपणापासून 'मी मी करू नये' हे ऐकवलं गेलं, त्यानं अचानक तासभर स्वतःची जाहिरात बनून उभं राहायचं, संकोच वाटणारच. न वाटला तर मला जास्त काळजी वाटेल.

फोटो हातात आला की दुसरा धक्का. 'हा मी नाहीच!' याचा छडा १९७७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठातल्या संशोधकांनी लावला. त्यांनी तरुणींना त्यांचाच फोटो सुलट आणि आरशासारखा उलट असा दाखवला. त्यांना स्वतःला बहुतेक वेळा आरशातला आवडला, त्यांच्या जवळच्यांना सुलट. ज्याची डोळ्याला सवय, तेच बरं वाटतं. आपण आयुष्यभर आपला भांग उलट्या बाजूला बघत आलेलो असतो. सेल्फीनं आणखी घोळ घातला: २०१८च्या एका अमेरिकी अभ्यासातल्या गणितानुसार फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक, पाच फुटांवरून काढलेल्याच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. नाकाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

अशा वेळी मला छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष आठवतात. १९५० ते २०११ एवढंच आयुष्य, पण लता मंगेशकरांपासून माधुरी दीक्षितपर्यंत केवढी माणसं त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसली. त्यांच्या 'चेहरे' या पुस्तकातली छायाचित्रं पुन्हा एकदा बघा. तो मऊ प्रकाश तर आहेच, तो पुढं अनेकांनी उचलला. पण या माणसाची मूळ घडण वेगळीच होती. मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, मग लिंटाससारख्या जाहिरात संस्थेत काम केलं. संगीताचं वेड, त्यात पाश्चात्त्य ऑपेराही. 'बेखुदी', 'अंजाम' आणि मराठीत 'सखी' अशा चित्रपटांसाठी लेखन. म्हणजे समोर कोणीही बसलं, तरी त्याच्याशी त्याच्या विषयावर बोलता येईल एवढी शिदोरी. आजच्या दीड तासाच्या पॅकेजात तीन कपडे, दोन लोकेशन आणि वीस 'एडिटेड' फोटो बसतात. गप्पा बसत नाहीत. लेन्स महागडी घेता येते, समोरच्याबद्दलचं कुतूहल कुठून आणणार?

म्हणून माझं सरळ मत: कॅफेच्या रंगवलेल्या भिंतीसमोर उभं राहणं सोडा आणि कामाच्या जागी फोटो काढा. संत्र्याचा व्यापारी कळमन्याच्या बाजारात ढिगासमोर जेवढा ऐटीत दिसेल, तेवढा कुठल्याही सोफ्यावर दिसणार नाही. हाताला ओळखीचं काम मिळालं की चेहरा स्वतःला विसरतो. याचा अर्थ सूट खोटा आणि कुर्ता खरा, असा मात्र नाही. बाबासाहेब आंबेडकरांचा सूट हे त्यांचं ठाम विधान होतं, तो त्यांना परका कधीच वाटला नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेताना ते पांढऱ्या वस्त्रांत होते. दोन्ही रूपं तितकीच त्यांची. उसना ब्लेझर मात्र, नागपूरच्या उकाड्यात तर, दहा मिनिटांत पितळ उघडं पाडतो.

एआयला दहा सेल्फी देऊन 'प्रोफेशनल' चेहरा बनवून घेणाऱ्यांबद्दल काय बोलावं? मुलाखतीला शेवटी स्वतःलाच जावं लागतं.

तेव्हा पैसे भरण्याआधी फोटोग्राफरला किती फोटो देणार, हे विचारू नका. कॅमेरा बाहेर काढण्याआधी माझ्याशी किती वेळ बोलणार, हे विचारा. शूट सकाळी लवकर ठेवा, उन्हात डोळे बारीक होतात. आणि शेवटची निवड तुम्हाला रोज बघणाऱ्या माणसावर सोडा. त्यानं निवडलेला फोटो तुम्हाला आवडला नाही, तरी तोच लावा.